मातीचा घोडा

स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक लिहा" असा संपादक मंडळातील भगिनींचा निरोप आला, तेव्हा पहिल्याने मनात आल्या त्या आपल्या इतिहासातील थोर स्त्रिया. परंतु जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर माझ्यापेक्षा अधिकारी लेखण्यांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यात मी नव्याने काय भर घालणार? लेखाचा विषय सुचेना, आणि त्याच आठवड्यात माझ्या हातून एक घोडा मोडला. तोच या लेखाचा विषय झाला.

घोडा मातीचा, वीतभर लांबीचा. दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवण्यासाठी बाजारातून प्लॅस्टरची चित्रे आणण्यापेक्षा आपली आपण करावी, म्हणून मंडळात चार दिवसांचा वर्ग भरवला होता. शिकवायला कुंभारवाड्यातील एक वयस्क काकू आल्या होत्या. माझे वय सासष्ट. आयुष्यात पुरणपोळ्या, करंज्या, गौरीचे मुखवटे, सारे केले. पण मातीचे जनावर कधी केले नव्हते. कणीक मळणाऱ्या हाताला माती ती काय अवघड, अशा समजुतीने मी बसले. धड झाले, मान झाली, आयाळही दाताळ्या फणीने छान ओढली. चार सडपातळ, ऐटबाज पाय लावले आणि घोडा पाटावर उभा केला. क्षणभर उभा राहिला, मग पुढचे गुडघे वाकवून नमस्कार घातल्यासारखा जो बसला तो बसलाच. सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ताई, देवानं घोड्याला हाडं दिलीत. मातीला हाडं न्हाईत. पाय जाड करा."

हे एक वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. घरी येऊन मी पुस्तके काढली, पूर्वी पाहिलेल्या संग्रहालयांची टिपणे चाळली, आणि ध्यानात आले की काकूंनी मला शिल्पशास्त्राचा पहिला धडा दिला होता. देशात जेथे जेथे मातीचा घोडा घडवला जातो तेथे तेथे त्याचे पाय खांबासारखे जाड असतात. ते अडाणीपणामुळे नव्हे. मातीचा स्वभाव ओळखल्यामुळे.

आता या घोड्याचा इतिहास थोडक्यात पाहू.

आपल्या उपखंडात मातीची खेळणी फार जुनी. सिंधुसंस्कृतीच्या नगरांतून मातीच्या गाड्या, वशिंडाचे बैल, मान हलवणारी जनावरे, शिट्ट्या असा मुलांचा केवढा तरी संसार सापडला आहे. या गर्दीत घोडा मात्र जवळजवळ नाही. मुद्रांवर बैल आहे, हत्ती आहे, वाघ आहे, गेंडा आहे, घोडा नाही. मोहेंजोदडो व लोथल येथील एकदोन मातीच्या आकृती घोड्याच्या म्हणून दाखवल्या जातात, पण त्यांवर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. निःशंकपणे घोडा म्हणावी अशी मातीची चित्रे आढळतात ती बलुचिस्तानात सिबीजवळ पिराक येथे. फ्रेंच संशोधकांनी १९६८ पासून काही वर्षे तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील त्या वस्तीत मातीचे घोडे, घोडेस्वार आणि दोन वशिंडांचे उंट सापडले. याचा अर्थ सरळ आहे. जे जनावर दारात आले, ते लगेच मुलांच्या आणि देवांच्या हातात मातीचे होऊन गेले. मनुष्य जे नव्याने पाहतो ते आधी चिखलात करून पाहतो.

आपल्या महाराष्ट्रात त्या काळी काय होते? पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तेथे १९६८ पासून अनेक वर्षे खणून तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे एक शेतकरी गाव उजेडात आणले. तेथील एका घरात, जमिनीखाली, कोपऱ्यात पुरलेली एक मातीची डबी मिळाली. डबीला झाकण होते. आत एक मस्तकहीन देवी व एक बैल. देवीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक होते. त्यात काडी बसवली की देवी बैलावर आरूढ होई. नदीचे नाव घोड असले तरी वाहन बैलाचे! घोडा आपल्याकडे ठळकपणे दिसतो तो त्यानंतर, विदर्भातील शिळावर्तुळांच्या दफनांत. नागपूरजवळच्या माहूरझरी येथे मृतांसोबत घोड्याचे अवशेष आणि त्याच्या डोक्यावर घालावयाचे तांब्याचे अलंकार सापडले आहेत.

इनामगावची ती देवी आणि तो बैल भाजलेले नाहीत. कच्च्या मातीचे आहेत. पावसाच्या चार थेंबांनी विरघळले असते. तीन हजार वर्षे टिकले ते केवळ डबीत, जमिनीखाली, झाकणाखाली राहिले म्हणून. भगिनींनो, ही गोष्ट जरा मनात ठेवावी. पुढे मला तिचे काम आहे.

सातवाहनांच्या काळी मातीच्या चित्रांची कला आपल्याकडे फार पुढे गेली. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील संग्रहालयात ती पाहावयास मिळते. तेथील कारागीर दोन साचे करीत, एक पुढचा व एक मागचा. पांढऱ्या केओलिन मातीचे पातळ थर दोन्ही साच्यांत दाबून दोन अर्धी एकमेकांस जोडीत. मूर्ती आतून पोकळ राही. पोकळपणाचे कारण काकूंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले. भरीव चित्र भट्टीत घातले की बाहेरची माती लवकर तापते, आत दडलेल्या ओलाव्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि चित्र फुटते. म्हणून मोठे चित्र पोकळ करावे आणि पोटाला एक बारीक भोक ठेवावे. वर्गात आम्ही तशी भोके ठेवली, तेव्हा एकीने विचारले, "घोड्याला हे कशाला?" काकू म्हणाल्या, "त्यालाबी श्वास घ्यायला नको का?"

मातीच्या घोड्याचा खरा थाट पाहावा तो देवस्थानी. तामिळनाडूच्या खेड्यांत वेशीबाहेर अय्यनारचे ठाणे असते. अय्यनार हा ग्रामरक्षक देव. रात्री घोड्यावर बसून तो गावाभोवती फेरी मारतो अशी श्रद्धा. त्याच्यासाठी वेलार कुंभार मातीचे घोडे करतात, आणि त्यांतले काही माणसाच्या डोक्यावरून उंच जातात. मातीत वाळू आणि भाताचा कोंडा मिसळून, पायांपासून वर थोडे थोडे चढवीत, खालचे सुकले की वरचे, असे ते उभे राहतात. दरवर्षी नवे घोडे येतात; जुने तेथेच झाडाखाली ऊनपाऊस खात मातीला मिळतात. कोणी त्यांची डागडुजी करीत नाही. नवस फेडला, घोडा देवाला दिला, घोड्याचे काम झाले.

बंगालमध्ये बांकुडा जिल्ह्यात पाचमुडा गावचा घोडा निराळा. उंच ताठ मान, टवकारलेले लांब कान. त्याचे धड, पाय, मान हे सारे भाग चाकावर वेगवेगळे फिरवून काढतात आणि मग मातीनेच सांधतात. कान आणि शेपूट सुटे असतात, भोकांत बसवावयाचे. मूळचा हा धर्मठाकुराला आणि मनसादेवीला वाहावयाचा घोडा. स्वातंत्र्यानंतर हस्तव्यवसायांना ऊर्जितावस्था आणण्याची खटपट सुरू झाली आणि हा घोडा अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाचे चिन्ह झाला. त्या मंडळाची धुरा दीर्घ काळ वाहिली ती कमलादेवी चट्टोपाध्याय या स्त्रीने. २०१८ मध्ये या घोड्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कित्येक मध्यमवर्गीय घरांच्या बैठकीत हा घोडा पेटीवर उभा असे. आमच्याकडेही होता, एक कान हरवलेला.

गुजरातेत साबरकांठ्यातील पोशिना भागात भिल्ल लोक मातीचे घोडे देवाला वाहतात. गाय आजारातून उठली, घरात पाळणा हलला, की घोडा. एकेका झाडाखाली त्यांच्या रांगाच्या रांगा लागलेल्या असतात. राजस्थानात नाथद्वाऱ्याजवळच्या मोलेला गावी पाटीवर उठावाचे घोडेस्वार देव करतात, आणि तेथील कुंभार मातीत गाढवाची लीद मिसळतात. आपल्याकडचे कुंभार घोड्याची लीद मिसळतात. लिदीतले गवताचे तंतू कच्च्या मातीला धरून ठेवतात, सुकताना तडकू देत नाहीत, आणि भट्टीत जळून गेले की वाफेला बारीक वाटा ठेवून जातात. म्हणजे पाहा, मातीच्या घोड्याच्या अंगात खऱ्या घोड्याचा अंश असतोच!

महाराष्ट्रात मातीचा घोडा नवसाचा म्हणून फारसा दिसत नाही. आपला घोडा दिवाळीचा. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांचा किल्ला, त्यावर अळीव नाहीतर मोहरी पेरून आणलेले रान, माथ्यावर छत्रपती, पायऱ्यांवर मावळे, आणि पायथ्याशी घोडेस्वार. हा घोडा कसा असावा? आम्ही सगळ्याजणी चित्रांतल्या अरबी घोड्यासारखा लांब पायांचा करू पाहत होतो. परंतु मराठी स्वाराचे खरे बळ होते दख्खनी तट्टू. भीमथडीचे तट्टू अंगाने ठेंगणे, छातीने रुंद, पायाने मजबूत, खाण्याला थोडके आणि डोंगर चढण्याला पक्के. बारगिराला ते सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचे आणी. तेव्हा काकूंचा जाड पायांचा ठेंगणा घोडा मातीच्या दृष्टीने जितका बरोबर, तितकाच इतिहासाच्या दृष्टीनेही बरोबर ठरतो. आमचे ऐटबाज घोडे दोन्हीकडे चुकले.

येथवर आले आणि एक प्रश्न मला सतावू लागला. हे घोडे, या गाड्या, हे बैल केले कोणी?

पोथ्यापुस्तके सांगतात, कुंभाराने. कुंभार म्हटले की डोळ्यांपुढे चाक येते, आणि चाकावर पुरुष. आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी अशी रूढी होती, काही ठिकाणी अजून आहे, की बाईने चाकाला हात लावू नये. माती खणून आणणे, वाळवणे, कुटणे, चाळणे, मळणे, भांड्यांना रंग देणे, आवा रचायला हात लावणे, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात विकणे, हे सगळे बाईचे. चाक तेवढे पुरुषाचे. मग चाकाशिवाय, निव्वळ बोटांनी जे होते, ते खेळणे आणि चित्र, ते पुष्कळदा बायकांकडे आले. मणिपुरातल्या आंद्रो गावी तर चाक नाहीच. तेथे भांडी बायकाच करतात आणि हातांनी करतात. मिथिलेत कार्तिकात सामा-चकेवाचा सण असतो. मुली आणि सुना हातांनी मातीचे पक्षी करतात, गाणी म्हणत मिरवतात, आणि पौर्णिमेला त्यांचे विसर्जन करतात. पुढल्या वर्षी पुन्हा नवे.

मी काकूंना विचारले, "तुम्ही चाकावर बसला होता का कधी?" त्या म्हणाल्या, "न्हाई बाई. सासरे म्हनायचे चाक बाटतंय. मी रात्री कंदिलाच्या उजेडात बैल करायची, पोळ्याचे. बाजारात माल त्यांचाच म्हनून खपायचा." बोलण्यात तक्रार नव्हती. पावसाविषयी बोलावे तशा त्या बोलल्या.

आता साहित्यातले एक उदाहरण घेऊ. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' आपणा सर्वांना ठाऊक आहे. देवलांनी ते संगीतात आणले, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला तर ते घरचेच. मृच्छकटिक म्हणजे मातीची गाडी. दरिद्री झालेल्या चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो. त्याला मातीची गाडी देऊन समजावतात. वसंतसेना आपले दागिने त्या गाडीत भरते, आणि पुढचे सारे नाटक त्या दागिन्यांवर फिरते. नाटकाला नाव या खेळण्यावरून पडले. पण ती गाडी केली कोणी? मूळ नाटकाच्या सहाव्या अंकात स्पष्ट सांगितले आहे. रदनिकेने केली. चारुदत्ताच्या घरची दासी. मूल रडू लागले, सोन्याची गाडी देणे शक्य नव्हते, म्हणून तिने हाताशी असलेल्या मातीची गाडी करून त्याच्या हाती दिली. आपण वसंतसेनेचे औदार्य आठवतो, चारुदत्ताची सज्जनता आठवतो. ज्या हातांनी त्या नाटकाचे नाव घडवले, त्या रदनिकेची आठवण किती जणांना असते? मी स्वतः ते नाटक रंगभूमीवर तीनदा पाहिले आहे. मला नव्हती.

येथे इनामगावच्या डबीकडे परत येऊ. घरात केलेले, मुलासाठी केलेले, कच्च्या मातीचे काम भट्टीत जात नाही. भाजलेले टिकते, कच्चे विरघळते. संग्रहालयात पोहोचते ते बहुतेक भाजलेले. तेव्हा जे उरले त्यावरून इतिहास लिहिला जातो, आणि घरातल्या बायकांचे पुष्कळसे काम उरलेलेच नाही. ते कमी प्रतीचे होते म्हणून नव्हे. मुलाचे रडणे थांबले की त्याचे काम संपत होते म्हणून.

माझ्या आईने माझ्या धाकट्या भावासाठी किल्ल्यावर ठेवायला मातीचा घोडा केला होता. मी सहा वर्षांची असेन. परसातली माती, विहिरीवरचे पाणी, आणि डोळ्यांच्या जागी दोन मिरे. त्या वर्षी दिवाळीत अवकाळी पाऊस आला आणि किल्ल्याबरोबर घोडाही गेला. मिरे तेवढे चिखलात सापडले. आईने ते धुऊन पुन्हा डब्यात टाकले. ती चित्रे काढी, रांगोळी काढी, तिला कोणी कलावंत म्हटले नाही, आणि तिलाही तसे कधी वाटले नसावे. माझ्या हातून घोडा मोडला त्या दिवशी मला तिची बोटे आठवली. तिने पाय कसे केले होते ते मात्र काही केल्या आठवेना. विचारायला ती नाही.

एक उदाहरण याच्या उलट आहे, ते सांगून लेख पुरा करते. छत्तीसगडमधील सरगुजा भागात पुहपुटरा नावाचे गाव आहे. तेथील सोनाबाई रजवार यांना लग्नानंतर पतीने सुमारे पंधरा वर्षे घराबाहेर जवळजवळ पडू दिले नाही. शेजारपाजार नाही, माहेर नाही. घरात लहान मुलगा. त्याला खेळायला काही नाही, म्हणून त्यांनी अंगणातल्या मातीची खेळणी करून दिली. कोणी शिकवले नव्हते. मग भिंतींवर मातीची माणसे आली, पक्षी आले, जनावरे आली. उन्हाची तिरीप अडवायला बांबूच्या कांबीवर माती लिंपून जाळ्या झाल्या, जाळ्यांच्या घरांत माकडे आणि पाखरे बसली. बंद घराचे त्यांनी मातीने जग केले. १९८३ मध्ये भोपाळच्या भारत भवनाचे लोक लोककलेचा शोध घेत तेथे पोहोचले, तेव्हा बाहेरच्या जगाला ते प्रथम दिसले. पुढे सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यांची कला परदेशांत गेली, गावातल्या इतरांनी त्यांच्याकडून विद्या घेतली. २००७ मध्ये त्या वारल्या. त्यांचे नाव राहिले, कारण कोणी दार ठोठावले आणि विचारले, "हे कोणी केले?" दुसऱ्या हजार घरांचे दार कोणी ठोठावले नाही.

चीनमध्ये शिआनजवळ १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना मातीचे सैन्य सापडले. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील सम्राटाच्या थडग्याचे ते रक्षण करीत होते. त्यात खऱ्या आकाराचे मातीचे घोडेही आहेत. त्या सैनिकांपैकी काहींच्या अंगावर कारागिरांची नावे कोरलेली वा उमटवलेली आढळली. ती गौरवासाठी नव्हती. काम सदोष निघाले तर धरायचे कोणाला, हे कळावे म्हणून. हेतू काही असो, दोन हजार वर्षांनी आज ती नावे वाचता येतात.

भगिनींनो, माझा तिसरा घोडा उभा राहिला. पाय जाड, मान आखूड, एक कान दुसऱ्याहून मोठा. पण पाटावर उभा राहिला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी चार दिवस पहाऱ्यावर होता. माझ्या नातीने त्याला "आजीचा तट्टू" हे नाव दिले.

आता मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवते. पुढल्या वर्षीचा वर्ग भरेल तेव्हा प्रत्येकीने आपल्या घोड्याच्या पोटाखाली, माती ओली असतानाच, सुईने आपले नाव आणि वर्ष कोरावे. काकूंचे नाव वर्गाच्या नोंदवहीत "शिकवणारी बाई" असे न लिहिता पूर्ण लिहावे. या वर्षीच्या वहीत ते राहून गेले आहे, आणि ती चूक माझीच, कारण वही माझ्याकडे होती. काकूंना मी हे सांगितले तेव्हा त्या लाजल्या. मग माझ्या हातून सुई घेतली, स्वतःच्या घोड्याच्या पोटावर बराच वेळ काहीतरी कोरत बसल्या. त्यांना अक्षर येत नाही हे मला तेव्हा कळले. त्यांनी एक छोटा बैल काढला होता.

तो घोडा भाजून घेतला आहे. मंडळाच्या कपाटात वरच्या खणात ठेवला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या भगिनींनी तो जरूर उचलून, उलटा करून पाहावा.